पियानो ब्लॅक आणि रस्त्यावरची धूळ

शोरूममध्ये नव्या गाडीत बसलेला माणूस आधी स्टेअरिंग धरतो आणि मग त्याचं बोट आपसूक गियरभोवतीच्या त्या काळ्याभोर, तुकतुकीत पट्टीवरून फिरतं. या फिनिशला गाडीवाले ‘पियानो ब्लॅक’ म्हणतात. सेंटर कन्सोल, एसी व्हेंटच्या कडा, पडद्याभोवतीची चौकट, दारावरच्या काचेच्या बटणांची पाटी, अशा ठिकाणी ते हमखास सापडतं. म्हणजे नेमकं जिथे दिवसभर हात लागतात तिथेच. ही जागा कोणी ठरवली असेल, त्याने स्वतःची गाडी कधी स्वतः पुसलेली नसावी असा मला दाट संशय आहे.

नाव पियानोचं असलं तरी आत लाकडाचा अंश नसतो. बहुतेक वेळा ते एबीएस नावाचं प्लॅस्टिक असतं. लेगोचे ठोकळे १९६३ पासून ज्याचे बनतात तेच. कधी एबीएसमध्ये पॉलिकार्बोनेट मिसळलेलं असतं, कधी वरचा थर ॲक्रिलिकचा असतो. पण या प्रकरणात सांगायच्या सगळ्या गोष्टी एकाच मुद्द्यावर उभ्या आहेत, म्हणून तो आधीच सांगून टाकतो: चकाकी हा रंगाचा गुण नाही, पृष्ठभागाच्या सपाटपणाचा आहे. पुसायचं कसं, पॉलिश करायचं की नाही, रंग मारताना इतका वेळ घासकामात का जातो, या सगळ्यांचं उत्तर तिथेच आहे.

पृष्ठभागावरचे उंचसखल भाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असतील, तर प्रकाश शिस्तीत एकाच दिशेने परततो आणि आरसा तयार होतो. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, आणि डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. यावरून किती बारीक सपाटपणाची गोष्ट चालली आहे हे लक्षात येईल. काळ्या रंगाची आणखी एक गंमत आहे. प्लॅस्टिकवर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के वरच्यावर परततो. बाकीचा आत शिरतो आणि काळ्या रंगद्रव्यात गडप होतो. पांढऱ्या चकचकीत पट्टीवरूनही तेवढाच परततो, पण तिच्या आत शिरलेला प्रकाश चहूकडे विखरून पुन्हा बाहेर येतो आणि त्या उजेडात प्रतिबिंब बुडून जातं. काळ्यात असा बुडवणारा उजेडच नसतो, म्हणून ४ टक्क्यांतही आरसा लख्ख दिसतो. तोट्याची बाजू अशी की त्याच काळ्यावर एक-दोन मायक्रॉनचा चराही लपत नाही. चऱ्याच्या काठांवरून प्रकाश भलतीकडे उडतो आणि अंधारावर पांढरी रेघ उमटते. राखाडी, खडबडीत डॅशबोर्डवर असे शेकडो चरे असतात. ते आपल्याला आयुष्यभर दिसत नाहीत.

रात्री गाडीत बसून मोबाइलचा टॉर्च या पट्टीवर धरून पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं दिसतील. टॉर्च सरकवला की जाळंही त्याच्यासोबत सरकतं. म्हणजे ती वर्तुळं प्लॅस्टिकवर कोरलेली नाहीत. प्रत्यक्षात चरे वाटेल त्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले जे चरे त्या जागी प्रकाशाच्या वाटेला आडवे पडतात तेवढेच डोळ्याकडे उजेड पाठवतात, आणि त्यांची मिळून वर्तुळं भासतात. गाडी चकचकीत करून देणारे डिटेलिंगवाले यालाच ‘स्वर्ल’ म्हणतात. गाडी सेकंडहँड घेताना हा टॉर्च जरूर मारावा. आधीचा मालक गाडी कशी पुसत होता ते लगेच कळतं.

हे चरे पडतात ते फडक्याने नाही, फडक्याखालच्या धुळीने. वाळूत क्वार्ट्झ असतं आणि मोह्सच्या कठीणतेच्या श्रेणीत त्याचा क्रमांक ७ लागतो. साधी काच साडेपाचच्या आसपास असते, आणि आपलं प्लॅस्टिक फार तर तीनच्या घरात. दख्खनच्या रस्त्यांवर भर पडते ती काळ्या दगडाच्या खडीच्या भुकटीची. बेसाल्टमधली मुख्य खनिजंही सहाच्या आसपास कठीण असतात. थोडक्यात, आपल्या गाडीत शिरणारी बहुतेक धूळ त्या पट्टीपेक्षा कितीतरी कठीण आहे. कोरडं फडकं तिच्यावरून फिरवलं की आपण स्वतःच्या हाताने वॉटर पेपर, म्हणजे घासकागद, मारत असतो. शिवाय कोरडं घासल्याने प्लॅस्टिकवर स्थितिक विद्युतभार जमतो आणि तो आजूबाजूची धूळ ओढून घेतो. ‘आत्ताच पुसलं होतं, लगेच धूळ कशी बसली?’ या तक्रारीचं कारण बऱ्याचदा ते पुसणंच असतं.

सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्याकडे एक बादली आणि एक पिवळं फडकं असतं. त्याच फडक्याने चाक, बॉनेट आणि आतला कन्सोल. यात त्याचा दोष मी धरत नाही. त्याला आठच्या आत सगळ्या गाड्या उरकायच्या असतात आणि फडकी आपण विकत घेऊन दिलेली नसतात. आतून पुसू नकोस, एवढं सांगितलं तरी त्या पट्टीचं आयुष्य वाढेल. बाकीचे शत्रू घरचेच. कन्सोलच्या खाचेत टाकलेली किल्ली, सुट्टी नाणी, गियरवरच्या हातातली अंगठी, घड्याळाचा धातूचा पट्टा. दसऱ्याला गाडीची पूजा होते तेव्हा हळद-कुंकू आणि अक्षता डॅशबोर्डवरून ओघळून व्हेंटच्या कडांवर येतात. नंतर ते कोरड्या कापडाने झटकण्याऐवजी ओल्या कापडाने अलगद टिपावं. कुंकवात काय काय मिसळलेलं असतं याचा भरवसा नसतो.

रसायनांचं नुकसान चऱ्यांपेक्षा वाईट, कारण ते घासून निघत नाही. डॅशबोर्डवर ठेवायच्या अत्तराच्या बाटल्या हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. बाटली एखाद्या वळणावर कलंडते, सुगंधी तेल पट्टीवर झिरपतं, आणि पुसून घेतल्यावर वरवर काही झालेलं दिसत नाही. पण त्या तेलातली द्रव्यं एबीएसमध्ये शिरून ते मऊ करतात. दोन-चार दिवस उन्हात गेले की तिथे सुरकुतलेला, फुगलेला, बोटाला चिकट लागणारा डाग तयार होतो. डास पळवणाऱ्या मलमांतलं डीईईटी आणि काही सनस्क्रीन लोशनंही प्लॅस्टिकवर असाच परिणाम करतात. कोविडच्या काळात सॅनिटायझरने कन्सोल पुसणाऱ्यांना वेगळाच अनुभव आला: ॲक्रिलिकच्या पट्टीवर, विशेषतः क्लिपा आणि भोकांच्या आसपास, केसासारख्या बारीक भेगांचं जाळं. साच्यातून निघालेल्या भागात जागोजागी ताण अडकून राहिलेला असतो. अल्कोहोल तिथे शिरलं की तो ताण भेगांच्या रूपाने मोकळा होतो. असिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल आणि थिनर यांचं तर नावच काढू नये. एबीएस असिटोनमध्ये चक्क विरघळतं.

मग पुसायचं कसं? आधी सैल धूळ स्पर्श न करता काढायची: व्हॅक्युमने, किंवा मऊ केसांच्या ब्रशने हलकेच उडवून. त्यानंतर मायक्रोफायबरचं कापड आरओच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं. बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार सुकल्यावर पांढरे ठिपके सोडतात आणि ते काढायला पुन्हा घासावं लागतं. बोटांचे तेलकट ठसे असतील तर पाण्यात सौम्य कार शाम्पूचे चार थेंब पुरतात. कापड पट्टीवर ठेवायचं, क्षणभर मुरू द्यायचं आणि मग फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाने एका दिशेने ओढून उचलायचं. गोल गोल फिरवायचं नाही. दोनदा दुमडून चौघडी केलेल्या कापडाला आठ बाजू मिळतात. प्रत्येक ओढीला नवी बाजू घ्यायची, म्हणजे उचललेली धूळ परत खाली येत नाही. शेवटी कोरडं मायक्रोफायबर नुसतं टेकवून ओल टिपून घ्यायची. पाणी किंवा क्लीनर पट्टीवर थेट फवारायचा नाही. बटणांच्या फटींतून तो आतल्या सर्किटवर उतरतो.

मायक्रोफायबर हे काही जाहिरातीचं खूळ नाही. त्याचा धागा बहुधा पॉलिएस्टर आणि नायलॉनचा, कातल्यानंतर फाडून पाकळ्या केलेला असतो. त्या पाकळ्यांच्या खाचांत धूळ अडकते आणि पृष्ठभागापासून दूर राहते. जुना बनियन धूळ फक्त ढकलत नेतो. मात्र ही कापडं सुती कपड्यांसोबत धुतली तर सुताची कुसं त्यांत अडकतात, आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर वापरलं तर खाचा बुजतात. वेगळी धुवावीत, सावलीत वाळवावीत, आणि जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा या पट्टीला लावू नये. ते चाकांच्या कामाला गेलं म्हणून समजावं.

सिलिकॉनच्या तेलकट डॅशबोर्ड पॉलिशच्या मी विरोधात आहे. ते चरे भरून काढल्याचा भास निर्माण करतं, वास छान येतो, आणि संध्याकाळपर्यंत त्या तेलाला धूळ चिकटलेली असते. दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत नाचतं ते वेगळंच. त्याचा सगळ्यात मोठा अपराध रंगकामाच्या वेळी उघड होतो, तिकडे येईनच.

उन्हाचा विचार करताना लोकांना अतिनील किरणांची भीती जास्त वाटते. गाडीची पुढची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकची फिल्म घालून केलेली असते आणि ती हे किरण बरेचसे अडवते. बाजूच्या काचांतून मात्र त्यांतला काही भाग येतो. कन्सोलचं खरं दुखणं उष्णता आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं सरासरी तापमान ६९ अंश सेल्सियस भरलं, आतल्या हवेचं ४७. आपल्याकडे मे महिन्यात अकोला-चंद्रपूरची गाडी याहून सुखात असेल असं समजायचं कारण नाही. एबीएस साधारण १०५ अंशांना मऊ पडू लागतं, म्हणजे प्लॅस्टिक वितळणार नाही. पण अत्तर, मलम, चिकट टेप यांच्या सगळ्या रासायनिक करामती त्या तापमानात कितीतरी पटींनी वेगाने चालतात.

चरे पडून गेले असतील तर पॉलिश करता येतं, पण आधी आपल्या पट्टीची जात ओळखावी लागते. काही पट्ट्या आरपार काळ्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यांचा साचा हिऱ्याच्या पेस्टने आरशासारखा घासलेला असतो. काही कारखान्यांत प्लॅस्टिक सोडण्यापूर्वी साचा तापवतात आणि मग झपाट्याने थंड करतात, म्हणजे पृष्ठभागावर प्रवाहाच्या रेघा उमटत नाहीत. दुसऱ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात: खाली प्लॅस्टिक, वर काळा रंग, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. फरक ओळखायला पट्टी काढून मागची बाजू बघावी. रंगवलेल्या भागाच्या कडांवर रंगाचा फवारा उडालेला दिसतो आणि मागचं प्लॅस्टिक मंद, कधी वेगळ्याच छटेचं असतं. मागेच टोकदार कंसांमध्ये प्लॅस्टिकचं नावही कोरलेलं असतं. ते टिपून ठेवावं, रंग मारताना लागेल. आणखी एक खूण म्हणजे कोपऱ्यात थोडं पॉलिश घासल्यावर कापड काळं पडलं तर बहुधा आरपार काळं प्लॅस्टिक, पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट.

पॉलिश करणं म्हणजे चरा भरणं नव्हे. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूची जमीन खाली आणणं. क्लिअर कोटची जाडी केसाच्या निम्म्याएवढी, कधी त्याहून कमी. बाहेरच्या पत्र्यावर रंगाची जाडी मोजायला गॅरेजमध्ये गेज असतं, पण ते खालच्या धातूच्या आधाराने मोजतं. प्लॅस्टिकवर ते आंधळं. म्हणजे किती शिल्लक आहे हे न कळताच काम करायचं असतं. म्हणून सगळ्यात सौम्य, फिनिशिंग दर्जाचं पॉलिश आणि मऊ फोमचा छोटा पॅड घ्यावा, आणि शक्य तोवर हातानेच करावं. मशीन लावलंच तर गती कमी. लोखंडी पत्र्यातून उष्णता चटकन पसरते; प्लॅस्टिक उष्णतेचा अगदी मंद वाहक असल्याने ती एकाच जागी साचते, आणि चार सेकंद जास्त थांबलेला पॅड तिथे कायमचा वण देऊन जातो. नखाला जाणवणारा खोल चरा पॉलिशने काढायच्या फंदात पडू नये.

असा खोल चरा, अत्तराचा डाग किंवा उडालेला क्लिअर कोट असेल तेव्हाच रंगाचा विचार करावा. आणि त्याआधी तो भाग नवा केवढ्याला मिळतो ते विचारावं. छोट्या पट्ट्या कित्येकदा रंगाच्या सामानापेक्षा स्वस्त पडतात. लोक हे विचारत नाहीत आणि तीन रविवार घालवतात.

चकचकीत काळ्याचा सोस जुना आहे. जपानमध्ये उरुशी झाडाच्या चिकाचे थरावर थर देऊन काळी भांडी करत. तो चीक दमट हवेत वाळतो, आणि प्रत्येक थर वाळवून, घासून मगच पुढचा. युरोपात त्याची नक्कल सुरू झाली. तिथल्या सुतारांनी आपल्या लाखेपासून केलेलं शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर चोळायला घेतलं, आणि पियानोला झळाळी आली ती याच मार्गाने. आजच्या चकाकत्या पियानोंवर बहुतेक पॉलिएस्टरचा थर असतो. गाड्यांचं म्हणाल तर फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. त्याच काळात, १९२३ मध्ये, ड्यूपॉन्टने ड्युको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला आणि गाडीचा रंग वाळायला लागणारे आठवडे तासांवर आले. आपले सुतार आणि पेंटर आजही फवाऱ्याच्या चकचकीत कामाला ‘ड्युको’च म्हणतात. रसायनं बदलली, पण उरुशीवाल्याची रीत सुटली नाही: पातळ थर, वाळवणं, घासणं, पुन्हा थर.

काय रंगवू नये ते आधी. ज्या झाकणामागे एअरबॅग आहे ते कधीही नाही. ते ठरावीक रेषेवर फाटावं म्हणून आतून मुद्दाम पातळ केलेलं असतं. वर रंगाचं कवच चढलं तर फाटणं बदलू शकतं आणि रंगाचे टवके अंगावर उडू शकतात. स्पर्शाने चालणारी बटणं आणि व्हेंटच्या फिरत्या पात्याही सोडाव्यात. बाकीची पट्टी गाडीतून काढूनच रंगवावी. मास्किंग टेप लावून जागेवर फवारा मारणाऱ्याच्या सीटवर आणि काचेवर काळे कण बसतात ते कधीच पूर्ण निघत नाहीत. काढताना स्क्रू ड्रायव्हर नको, प्लॅस्टिकची पट्टीच हवी. जवळ एअरबॅगची वायर असेल तर बॅटरी सोडून थोडा वेळ थांबावं, नाहीतर हे काम मेकॅनिककडून करून घ्यावं. क्लिपा तुटतातच, चार जास्तीच्या आणून ठेवाव्यात.

मागच्या बाजूला प्लॅस्टिकचं नाव वाचता आलं नाही तर मागूनच एक कणी खरवडून पाण्याच्या वाटीत टाकावी. बुडाली तर बहुधा एबीएस किंवा तत्सम, तरंगली तर पॉलिप्रॉपिलिन. एबीएसवर रंग आनंदाने बसतो, कारण रंगातलं द्रावण त्याला किंचित चावतं. पॉलिप्रॉपिलिनला कशाचीच आसक्ती नसते. त्याच्यावर आधी रंग धरून ठेवणाऱ्या ॲडहीजन प्रमोटरचा हात मारला नाही तर महिन्याभरात रंग सालीसारखा निघतो. उलट एबीएसवर जहाल थिनरचा ओला हात मारला तर प्लॅस्टिकच भेगाळतं. म्हणून तिथला पहिला हात नेहमी पातळ, धुक्यासारखा.

साबणाच्या पाण्याने धुवावं, मग मेण-तेल काढणाऱ्या रिमूव्हरने पुसावं, वाळवून पुन्हा एकदा तेच. इथे डॅशबोर्ड पॉलिशचा हिशेब चुकता होतो. सिलिकॉनचा अंश राहिला तर ओला रंग त्या जागेवरून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. वरून कितीही हात मारा, खळगा भरत नाही; सगळं उतरवून पुन्हा सुरुवात. स्वच्छ झालं की ६०० ते ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासायचं. जुनी चकाकी पूर्ण मेली पाहिजे, सगळीकडे एकसारखा मंदपणा दिसला पाहिजे. खोल चऱ्यांत बारीक लांबी (पुट्टी) भरून सपाट करावी. मग प्लॅस्टिकला चालणारा प्रायमर, तो वाळला की १००० नंबरचा पेपर. बोटांच्या टोकांनी तपासावं, आणि डोळे मिटून तपासलं तर आणखी बरं. इथे राहिलेली उंची काळा रंग लपवणार नाही, उलट दहापट मोठी करून दाखवेल.

काळा रंग मारणं हा सगळ्यात सोपा भाग. डबा मिनिट-दोन मिनिटं हलवायचा, २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवायचं, फवारा पट्टीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, आणि प्रत्येक ओढीने आधीच्या ओढीचा अर्धा भाग झाकायचा. दोन-तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. एकाच जाड हातात उरकायला गेलं की कडांना ओघळ येतात. चकाकी या काळ्यातून येत नाही, ती वरच्या क्लिअरमधून येते. साध्या डब्यातला क्लिअर नुसता वाळतो. तो मऊ राहतो आणि नखाने ओरखडतो. हार्डनर मिसळायचा दोन भागांचा क्लिअर रासायनिक रीतीने घट्ट होतो आणि कंपनीच्या फिनिशजवळ जातो. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, आणि त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क किंवा कोविडमधला मास्क तिथे उपयोगाचा नाही. हे काम घराच्या बाल्कनीत करू नये. घासणं आणि प्रायमरपर्यंत आपण करावं आणि क्लिअरसाठी पट्टी रंगकामाच्या चांगल्या बूथमध्ये द्यावी, यात काही कमीपणा नाही. मला तर हीच वाटणी सगळ्यात शहाणपणाची वाटते.

ऋतूचंही पाहावं. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, नायट्रोसेल्युलोजचा रंग किंवा क्लिअर वाळता वाळता दुधाळ होतो. द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथे बसते. पेंटर ‘रंग पांढरा पडला’ म्हणतो तो हाच. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. हवेत धूळ असेल तर जमीन ओली करून घ्यावी, पंखा बंद ठेवावा आणि लोकरी कपडे घालून उभं राहू नये.

क्लिअर कितीही चांगला बसला तरी जवळून संत्र्याच्या सालीसारखा बारीक लहरी दिसतो. तो पूर्ण घट्ट झाल्यावर १५००, मग २०००, मग ३००० नंबरचा पेपर पाण्यात मारून सपाट करायचा आणि कंपाऊंडने चकाकी परत आणायची. कडा आणि कोपरे सोडून द्यायचे. रंग तिथे सगळ्यात पातळ असतो आणि पेपर तिथेच आधी आरपार जातो. घाई करू नये. हाताला कोरडा लागलेला रंग आतून ओलसर असतो, आणि पट्टी तशीच गाडीत बसवून गाडी उन्हात उभी केली तर पहिल्या टेकलेल्या मोबाइलचा ठसा त्यात कायमचा राहतो. साध्या क्लिअरला निदान आठवडाभर घराच्या कोपऱ्यात, धुळीपासून दूर ठेवावं.

पट्टी नवी असो वा नव्याने रंगवलेली, तिच्यावर पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लावणं हा आज सगळ्यात व्यवहार्य उपाय आहे. ही पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे क्लिअर कोटच्या कितीतरी पट. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या उबेने आपोआप बुजतात. गाडीच्या मापाने कापलेले तुकडे मिळतात. साबणाच्या पाण्यावर तरंगवून बसवायचे, पाणी रबरी पट्टीने बाहेर काढायचं आणि कडा ड्रायरच्या उबेने दाबायच्या. मी मॅट फिल्मच्या बाजूचा आहे. पियानोचा थाट जातो हे खरं, पण बोटांचे ठसे आणि डोळ्यांत घुसणारी दुपारची तिरीपही जाते. ताज्या रंगावर मात्र महिनाभर फिल्म लावू नये, रंगातून अजून द्रावण बाहेर पडत असतं आणि खाली बुडबुडे धरतात. पुढे कधी फिल्म काढायची वेळ आली तर आधी ड्रायरने ऊब द्यावी आणि टोक उचलून ते पट्टीला जवळजवळ चिकटवूनच, उलट्या दिशेला सावकाश ओढत न्यावं. सरळ वर उपटलं तर फिल्मबरोबर रंगही येऊ शकतो, आणि खाली पॉलिप्रॉपिलिन असेल तर हा धोका आणखी मोठा.